बेडकाचं औषध म्हणे कंपन्यांनी दडपलं

मिरजकर_८४ : कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून हा धागा. "बेडकाच्या कातडीतलं पेप्टाइड एमआरएसए मारतं, त्याला रेझिस्टन्स येऊच शकत नाही, कंपन्यांनी दडपलं." (पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, एमआरएसए म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकने न मरणारा स्टॅफ हा जंतू, रेझिस्टन्स म्हणजे जंतूने औषधाला न जुमानणं.) दडपलं कुठे? झास्लॉफ या संशोधकाने १९८७ ला आफ्रिकन बेडकातून मॅगेनिन हे पेप्टाइड काढलं, त्यावरून पेक्सिगनान नावाचं क्रीम निघालं, डायबेटिसवाल्यांच्या पायाच्या जखमेसाठी, शेकडो पेशंटवर ट्रायल झाली आणि १९९९ ला एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध परवाना खात्याने, नाही म्हटलं. २०१६ ला परत ट्रायल, तेव्हा तर औषध नसलेल्या नुसत्या क्रीमपेक्षाही सरस ठरलं नाही. आणि रेझिस्टन्स येत नाही?? स्टॅफ स्वतःच्या भिंतीवरचा निगेटिव्ह चार्ज कमी करतो की पॉझिटिव्ह पेप्टाइड चिकटतच नाही, वर आपल्या कातडीतलं एलएल-३७ हे जंतू मारणारं पेप्टाइड कापणारं एन्झाइमही सोडतो.

रानवाट : तुम्ही अर्धंच सांगता. पहिल्या ट्रायलमध्ये ते क्रीम ओफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळीच्या जवळपास चाललं होतं. वरून लावायचं क्रीम पोटातल्या गोळीइतकं चालत असेल तर नापास का? गोळी अख्ख्या शरीरातले जंतू सरावाला लावते, क्रीम तेवढ्या जखमेपुरतं. आणि डॅप्टोमायसिन काय आहे, पेप्टाइडच ना? २००३ पासून एमआरएसएच्या स्किन इन्फेक्शनला वापरतात.

मिरजकर_८४ : डॅप्टोमायसिन मातीतल्या जंतूचं, शिरेतून द्यायचं, आणि त्यालाही रेझिस्टन्स दिसलाय. कोलिस्टिन हे अँटिबायोटिकही पेप्टाइडच, कोंबड्यांना खाऊ घालून घालून त्याची वाट लावली, आपल्याकडे ते जनावरांना द्यायला बंदी यायला २०१९ उजाडलं.

सुगरण_नाशिक : तुम्ही बेडकावर भांडा. माझ्या भाच्याला मांडीवर गळू झालं, केमिस्टने न विचारता एक ट्यूब दिली, स्टेरॉइड, अँटिफंगल, अँटिबायोटिक सगळ्याची भेळ. आठवडाभर लाली गेली, सगळे खूश, मग असं फुगलं की चिरा द्यावा लागला. या ट्यूब विकणाऱ्यांना आधी धरा!

काउंटरच्या_मागून : आलं परत केमिस्टवर. ताई, आम्ही प्रिस्क्रिप्शन मागितलं की लोक "शेजारच्या दुकानात मिळतं" म्हणून निघून जातात. आणि हीच ट्यूब डॉक्टरही लिहून देतात, ते दिसत नाही का?

सुगरण_नाशिक : म्हणजे गिऱ्हाईक जाईल म्हणून द्यायचं. वा. २०१८ ला ही स्टेरॉइडची क्रीमं शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत, टाकली ती काय शोभेला?

काउंटरच्या_मागून : तुम्ही स्वतः कधी मागितली नाही का, गोरं व्हायला? खरं सांगा.

सुगरण_नाशिक : तोंड सांभाळून बोला.

रानवाट : अहो दोघे थांबा. आणि मिरजकर, घामातलं डर्मसिडिन हे पेप्टाइड तरी मान्य आहे का? कातडी रोज हेच करते, लाखो वर्षं, आणि स्टॅफ अजून तिच्यापुढे पूर्ण जिंकलेला नाही. मग पेप्टाइडचा नाद का सोडायचा?

मिरजकर_८४ : नाद सोडा असं कुठे म्हटलं मी. कातडी एकाच वेळी अनेक पेप्टाइडं वापरते, ट्यूबमध्ये आपण एकच भरतो, आणि जखमेत पू, खारटपणा, जंतूंची एन्झाइमं, काचेच्या प्लेटवर छान चालणारं तिथे ढेपाळतं. बाकी "दडपलं" हा शब्द मागे घेतलात तर तुमचं तेवढं मान्य, जा.

रानवाट : दडपलं मी म्हटलंच नव्हतं, ते त्या पोस्टवाल्याला विचारा. उपकार झाले तुमचे.

काउंटरच्या_मागून : सुगरणताई, शेवटचं बोललो ते चुकलं असेल, सोडा. पण भाच्याच्या पूची कल्चर टेस्ट, कोणता जंतू आहे ते बघायची, केली का? चिरा दिला म्हणून संपत नाही, परत येतं ते.

सुगरण_नाशिक : डॉक्टरांनी नमुना पाठवलाय, रिपोर्ट परवा येणार. आणि हो, तोवर त्याला तुमच्या दुकानाकडे फिरकू देणार नाही.