ऑल्टोचा स्टॅबिलायझर रॉड घरी बदलता येईल का?

चिपळूणचा_ऑल्टोवाला:
नमस्कार मंडळी. माझी 2008 ची ऑल्टो आहे. गेल्या महिन्यात पुढचं डावं चाक खड्ड्यात जोरात आदळलं, तेव्हापासून ब्रेक मारला की खालून धाडकन आवाज येतो आणि गाडी डावीकडे ओढते. वाकून बघितलं तर स्टॅबिलायझर रॉड (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा रॉड) डाव्या टोकाला वाकलाय आणि बुशांचा (त्याच्या रबरांचा) पार भुगा झालाय. नवीन रॉड, बुश आणून ठेवलेत, पाने सॉकेट आहेत, जॅक एकच. घरी जमेल का? आणि तोवर जुना रॉड काढून गाडी वापरली तर चालेल ना, एका ओळखीच्यांचं म्हणणं की वळणावर जरा जास्त कलते, बाकी काही नाही.

ग्रीसचे_हात:
दादा रॉड काढून गाडी अजिबात हलवू नका! ते म्हणतात ते स्विफ्टसारख्या गाड्यांना लागू आहे, तिथे रॉड लिंकला (छोट्या जोडदांडीला) लटकलेला असतो आणि काम फक्त गाडीचं कलणं आवरायचं. तुमच्या ऑल्टोत आणि जुन्या मारुती 800 मध्ये रॉडचं टोक थेट लोअर आर्ममधून (चाक खालून धरणाऱ्या दांड्यातून) आरपार जातं आणि तोच आर्मला पुढे-मागे सरकू देत नाही. म्हणजे रॉड नसेल तर ब्रेक मारल्यावर चाकच मागे जाणार. आत्ता ओढते तीसुद्धा त्याचमुळे, त्यामुळे बदलेपर्यंत गाडी उभीच राहू द्या.

रविवार_गॅरेज:
वरच्यांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. काम घरी होतं, मी माझ्या 800 चं दोनदा केलंय. पण एका जॅकवर नको, दोन जॅक स्टँड आणाच, विटा रचून खाली शिरू नका, वीट कधी फुटेल सांगता येत नाही. मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, एकच उचललं तर रॉड पिळलेला राहतो आणि बोल्ट काढताना झटका मारतो. आदल्या रात्री दोन्ही टोकांचे आटे वायर ब्रशने घासून रस्ट स्प्रे मारून ठेवा, कोकणातली गाडी म्हणजे गंज असणारच. सकाळी स्प्लिट पिन (नट अडवून धरणारी) काढा, मग कॅसल नट (खाचांचा नट), वॉशर-बुश कुठल्या क्रमाने आणि कुठल्या तोंडाने आहेत त्याचा फोटो काढा (मी पहिल्यांदा नाही काढला, अर्धा तास गेला). मग पुढचे दोन क्लॅम्प सोडले की रॉड पुढे ओढून निघतो. वाकलाय म्हणून अडकलाच तर त्या बाजूच्या आर्मचा आतला बोल्ट सोडा.

रबरला ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

ग्रीसचे_हात:
एक राहिलं. नट हवेत पूर्ण कसू नका. चाकं लावा, गाडी खाली घ्या, बोनेट चारपाच वेळा दाबा आणि मग शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या टॉर्कने (कसायच्या जोराच्या आकड्याने) द्या, नाहीतर बुश पिळलेल्या स्थितीत अडकतो आणि लवकर फाटतो. पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे फिरवा, मागे कधीच नाही. पिन नवीनच घाला. आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.

पुण्याची_स्विफ्ट:
माझ्यासारख्या लिंकवाल्या गाड्यांत खडखड आली तर आधी लिंक आणि बुश बघा, रॉड सहसा चांगला असतो. लिंकचा नट सोडताना मधली पिन पण फिरत राहते, टोकाला ॲलन की लावून धरावी लागते. बऱ्याच नव्या गाड्यांत अख्खा रॉड काढायला सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) खाली घ्यावी लागते, ते मी गॅरेजलाच देईन.

चिपळूणचा_ऑल्टोवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. बरं झालं विचारलं, मी खरंच रॉड काढून बाजारात जाणार होतो. काल शेजाऱ्यांचे स्टँड आणून बसवला, उजवा नट गंजून बसला होता त्यालाच दोन तास लागले. डाव्या आर्मचा बोल्ट सोडावा लागला. ब्रेकचा आवाज गेला, आज अलाइनमेंटला नेतोय.