सौर पॅनल लावून तेलाची आयात कमी होईल का?

नीलकंठ: देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. आखातातलं तेल ज्या चिंचोळ्या समुद्रमार्गानं येतं, त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत जरा खुट्ट झालं की इथे महागाईची धास्ती. उपाय विचारला की जो तो सौरऊर्जेचं नाव घेतो. पण पॅनल देतं वीज, आणि आपली वीज तेलावर जवळपास बनतच नाही, ती मुख्यतः देशातल्या कोळशावर बनते. पॅनलनं कोळसा वाचेल. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी डिझेलच पिणार.

शिवार: अर्धं बरोबर आहे तुमचं. डिझेलची जागा वीज घेऊ शकते हे रेल्वेनं दाखवलंय, ब्रॉडगेजचं जवळपास सगळं जाळं विजेवर आलंय. आणि स्वयंपाकघर कसं विसरलात? एलपीजी निम्म्याहून जास्त आयातीचा. आमच्याकडे वरण-भात, भाजी, चहा सगळं इंडक्शनवर होतं. भाकरी तेवढी गॅसवर, कारण तव्यावरून काढून आचेवर धरल्याशिवाय ती फुगत नाही. सिलिंडर कितीतरी जास्त दिवस पुरतो.

रोहिणी_क: पण पॅनलचे वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या, चीनचे, त्यांपासून बनणारे बरेचसे सेलही तिथलेच. आखाताऐवजी चीनच्या दारात उभं राहायचं, याला स्वावलंबन म्हणायचं का?

शिवार: रोहिणीताई, तेल जाळलं की संपलं, पुढच्या महिन्यात परत जहाज हवंच. पॅनल २५ वर्षं चालतं. चीननं उद्या माल अडवला तर नवे पॅनल अडतील, छपरावरचे चालूच राहतील. सेल इथे बनायला हवेत, हे मात्र मान्य.

रोहिणी_क: आणि सूर्य मावळल्यावर? विजेची मागणी संध्याकाळी चढते. तेव्हा चालवायला कोयनेची जलवीज १,९६० मेगावॅटची आहे, पण त्या विजेसाठी पाणी पश्चिमेला किती सोडायचं यावर कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची मर्यादा आहे. साठवणुकीची सोय आधी करा, मग पॅनल.

बांधावरून: आधी-नंतर कशाला? शेतीला वीज दिवसाच हवी. रात्रपाळीची वीज म्हणजे बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, पायाखाली साप की पाइप ते कळत नाही. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. आमच्या फीडरवर, म्हणजे आमच्या पंपांना वीज देणाऱ्या लाइनवर, ती आली आणि आता गव्हाला पाणी उन्हात देतो. साठवणुकीसाठी ही कामं अडवू नका.

नीलकंठ: शेतीपंपांचं पटलं, रेल्वेचंही. पण मग सरकारनं लागलेल्या मेगावॅटसोबत डिझेल आणि एलपीजी किती कमी लागला, तेही दरवर्षी सांगावं. पहिला नंबर एसटीच्या डेपोंचा लावा. गाड्या ठरलेल्या मार्गावर धावतात, मुक्कामाला डेपोत येतात. चार्जिंगची सोय तिथे नाही करायची तर कुठे?