फ्रीझ केलेल्या लादीपावाची वरची साल सुटते, मदत हवी आहे

संध्याकाळी बेकरीत उरलेला पाव स्वस्त मिळतो, म्हणून दोन-तीन लाद्या एकदम घेऊन फ्रीझरला टाकते. फ्रिजच्या साध्या कप्प्यात मुळीच नाही. ४-५ अंशांना पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि पाव दुसऱ्या दिवशीच वातड लागतो. उणे १८ ला ते जवळजवळ थांबतं.

पाव पूर्ण गार झाला की लादी न सोडवता चार-चारचे तुकडे, घट्ट क्लिंग फिल्म, वरून हवा काढलेली झिपची पिशवी. कोमट पाव बांधला तर आत बर्फ धरतो, म्हणून ते कटाक्षाने पाळते. तरीही तीन आठवड्यांनी तव्यावर बटर लावून भाजताना वरची तपकिरी साल पापुद्र्यासारखी उचलली जाते. खालचा पाव मात्र छान लुसलुशीत! पाण्याचा हात फिरवून पाहिला, साल चिकट झाली. पिशवी न उघडता तासभर बाहेर ठेवू, की गोठलेलाच झाकण ठेवून मंद आचेवर?

शिवाय कडा सुकवून केलेला चुरा चार मध्यम बटाट्यांना अर्धी वाटी घालते, तरी कटलेट तेलात फुटतात. चुरा जाडसर राहतोय की बटाट्यातच पाणी जास्त आहे? प्रमाण ग्रॅममध्ये सांगितलंत तर फार बरं होईल.