जुन्या वॅगनारचा ऑक्सिजन सेन्सर गंजून जाम झालाय, कसा काढू?

खारावारा_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. गाडी 2011 ची वॅगनार, के10 पेट्रोल इंजिन, घेतल्यापासून रत्नागिरीतच आणि घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे खालून गाडीची काय अवस्था असेल ते समजून घ्या. महिनाभर चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी0135 येतो म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. ॲव्हरेज पण उतरलंय. नवीन सेन्सर आणून ठेवलाय पण जुना जागचा हलायला तयार नाही. इथल्या एका गॅरेजवाल्याने चीर असलेला सॉकेट लावला, वर पाईप घालून जोर मारला तर सॉकेटच फाकला आणि सेन्सरच्या नटाच्या दोन कडा गेल्या. आता म्हणतो अख्खा मॅनिफोल्ड, म्हणजे सेन्सर बसतो तो इंजिनचा धुराचा पाईप, बदला. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली गाडी आहे, इंजिन अजून मस्त चालतं, एवढ्याशा सेन्सरपायी एवढा खर्च करायचा जिवावर येतंय. काही उपाय आहे का?

पाना_बावीस
दादा मॅनिफोल्ड नका बदलू, थांबा जरा. कोल्हापुरात माझं स्वतःचं गॅरेज आहे, असे सेन्सर महिन्याला दोन-तीन तरी येतात.

आधी एक सांगा, सेन्सर खरंच गेलाय हे मीटर लावून बघितलं का? चार वायरी असतात त्यातल्या एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या, बहुतेक सेन्सरमध्ये पांढऱ्या नाहीतर काळ्या. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूने त्या दोघींमध्ये ओहम बघा. थोडेफार ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे, मग फ्यूज आणि वायरिंग तपासा. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय, बदलायलाच पाहिजे. कितीतरी लोक उडालेल्या फ्यूजपायी चांगला सेन्सर तोडून काढतात, बघून वाईट वाटतं.

गेलाच असेल तर आता त्याची वायर सरळ कापून टाका, नवा हातात आहे ना. ती वायर मध्ये येते म्हणून तर चिरेचा सॉकेट वापरावा लागतो आणि तो जोर आला की उघडतो. वायर कापली की 22 चा सहा कोनाचा लांब सॉकेट नाहीतर रिंग पाना पूर्ण बसतो, सगळ्या बाजूंनी धरतो. तुमच्या दोन कडा गेल्यात तरी उरलेल्या चारांवर निघेल. बारा कोनाचा सॉकेट मात्र अजिबात लावू नका, राहिलेल्या कडा पण जातील.

आदल्या रात्री गाडी पूर्ण थंड असताना आट्यांच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मारा, तासाभराने परत मारा, झोपताना परत. गरम सायलेन्सरवर स्प्रे मारू नका, धूर होतो आणि पेटूही शकतं. सकाळी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून बंद करा, जाड हातमोजे घाला आणि गरम असतानाच पाना लावा. पहिल्यांदा घट्ट करायच्या दिशेने थोडं दाबा, गंजाची पकड तुटते, मग सोडवा. पाव आटा सुटला की परत अर्धा पाव आत, मग बाहेर. एकदम उलटा फिरवत सुटलात तर गंजाचा चुरा आट्यांत अडकतो आणि मॅनिफोल्डचे आटे सेन्सरबरोबर सोलून बाहेर येतात. अर्धा तास लागला तर लागू दे.

बर्फातला_मावळा
टोरांटोत राहतो, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे दहा वर्षांची गाडी खालून तुमच्या समुद्रकाठच्या गाडीसारखीच दिसते. वरचं सगळं बरोबर आहे, एक भर घालतो. सेन्सरच्या गरम केलेल्या बुडाला साधी मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि बऱ्याचदा सुटतं. मी दोनदा केलंय.

आणि प्लास्टिकचा क्रँक सेन्सर (इंजिनच्या क्रँकशाफ्टचं फिरणं ओळखणारा) असेल तर ही पद्धत नाही बरं का. त्याला एकच 10 चा बोल्ट असतो, तो निघतो आणि सेन्सर मात्र भोकात चिकटून बसतो कारण भोवतीचा गंज फुगतो. मी स्क्रू ड्रायव्हरने खालून उचकटायला गेलो आणि बोल्टचा कान तुटून अर्धा सेन्सर आतच राहिला, बाहेर उणे 15 आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. शेवटी उरलेल्या प्लास्टिकमध्ये लाकडाचा स्क्रू हळूहळू फिरवला आणि पक्कडीने धरून ओढला. आधीच पक्कडीने डावीकडे-उजवीकडे पिळला असता तर अख्खा निघाला असता. नवा बसवताना भोक घासून साफ करा, चुरा आत पडू देऊ नका आणि ओ रिंगला (सेन्सरवरच्या रबरी रिंगला) इंजिन ऑइलचं बोट लावा.

सावंतवाडी_डिझेल
इंजिन गरम करून काढायचं हे फक्त एक्झॉस्टच्या सेन्सरसाठी हां. कूलंटचा टेंपरेचर सेन्सर पितळेचा आणि तो बसतो ते घर ॲल्युमिनियमचं, तो गरम इंजिनवर कधीच उघडू नका, उकळतं पाणी सरळ अंगावर येईल. इंजिन थंड, आधी रेडिएटरचं झाकण उघडून प्रेशर सोडा, मगच पाना.

पाना_बावीस
बरोबर बोललात, मी लिहायचं विसरलो. @खारावारा, नवा बसवायच्या आधी एम18 बाय 1.5 चा आटे पाडायचा टॅप हाताने फिरवून आटे साफ करून घ्या, टॅप टर्नरकडे मिळेल. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला लागलं तर नवा सेन्सर पण खराब होईल. काही सेन्सरला कंपनीतूनच लावलेलं येतं, मग परत लावायची गरज नाही. साधारण 45 न्यूटन-मीटरला आवळा.

खारावारा_रत्नागिरी
निघाला!!! मीटरवर हीटर पूर्ण ओपन म्हणजे तुटलेला होता म्हणून वायर कापली. शुक्रवारी रात्री तीनदा तेल मारलं, शनिवारी सकाळी गरम करून रिंग पाना लावला, आधी घट्ट दिशेला, काहीच नाही, मग मेणबत्ती टेकवली आणि पाच मिनिटांनी परत जोर दिला तर असा कर्र आवाज आला की मला वाटलं तुटला. तुटला नव्हता, सुटला होता. पुढचा पाऊण तास आत-बाहेर आत-बाहेर, आट्यांतून तांबडी भुकटी गळत होती नुसती. शेवटचे दोन आटे थोडे दुखावलेत पण टॅप फिरवल्यावर नवा सेन्सर हाताने शेवटपर्यंत गेला. दिवा गेलाय, काल गणपतीपुळ्याला जाऊन आलो, परत लागला नाही. बाबा बाजूला बसले होते, त्यांनी जुना सेन्सर मोरीवर घासून कपाटात ठेवलाय. पाना_बावीस दादा, कोल्हापूरला आलो की गाडी घेऊन तुमच्याकडे येणार, मागचे ब्रेक तुमच्याकडूनच करून घ्यायचेत.