पहिली आवृत्ती म्हणजे नेमके काय, आणि तिचे मोल कशावर ठरवावे?

मडगावचा पुस्तकविक्रेता :

लोटलीतील एका जुन्या घरातून गेल्या महिन्यात पुस्तकांच्या चार पेट्या माझ्याकडे विक्रीसाठी आल्या. ती मंडळी साठच्या दशकात नैरोबीहून गोव्यात परतली होती. आता पुढची पिढी इंग्लंडला असते आणि घराला कुलूप लागणार आहे. एका पेटीच्या तळाशी टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही खंड निघाले. लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या प्रकाशनाचे, पुठ्ठाबांधणीचे आणि मूळ वेष्टणासह, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या छापील कागदी आवरणासह. घरच्या मुलाने पहिल्या खंडातील १९५४ हे साल वाचून इंटरनेटवर शोध घेतला होता, तेथे कोणीतरी या खंडांना लावलेली लाखो रुपयांची किंमत त्याला दिसली होती, आणि तेवढे पैसे आपल्यालाही मिळतील असे धरून तो बसला होता.

ही ‘पहिली आवृत्ती’ आहे हे त्याचे म्हणणे खरे होते, आणि घोटाळा नेमका तेथेच आहे. १९५४ या सालाच्या खाली त्याच पानावर पुढच्या मुद्रणांची यादी छापलेली आहे आणि ती १९६० च्या पुढे जाते. १९६६ मध्ये लेखकाने मजकूर सुधारून दुसरी आवृत्ती काढली, तोवरची ब्रिटनमधील सगळी मुद्रणे शास्त्राप्रमाणे पहिल्या आवृत्तीचीच ठरतात. संग्राहक मात्र पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण शोधत असतो, आणि या दोहोंच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आपल्याकडे मराठी प्रकाशक साध्या पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘तिसरी आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द दिसले की आपण निर्धास्त होतो. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत हा निर्धास्तपणा महागात पडतो.

म्हणून माझे मत असे आहे की, मुद्रण कोणते हे ठरल्याशिवाय विक्रेत्याने किंमत उच्चारूच नये. कॉपीराइटच्या पानावर अंकांची ओळ (१० ९ ८ … १ अशी) असेल तर तिच्यातला सर्वांत लहान अंक पाहावा. सामान्यतः तोच मुद्रणाचा क्रमांक असतो. अपवादही माहीत हवेत. अमेरिकेतील रँडम हाउसच्या कित्येक वर्षांच्या पुस्तकांत पहिल्या मुद्रणाची ओळ २ पासून सुरू होते, पण तिच्यासोबत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द असतात. वेष्टणाच्या आतल्या घडीवरची किंमत शिलिंगमध्ये आहे की नव्या पेन्समध्ये, हेही पाहावे, कारण ब्रिटनने दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी स्वीकारले. १९५० च्या दशकातले म्हणून आलेल्या पुस्तकावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नंतरच्या काळात आलेला ओळखक्रमांक, दिसला तर ते त्या काळातले नव्हेच. ही घडी कोपऱ्यात कापलेली असेल, तिच्यावर किंमतच छापलेली नसेल, किंवा मागच्या पुठ्ठ्याच्या तळाशी बिनशाईचा लहानसा ठसा असेल, तर बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी काढलेली, स्वस्त आवृत्ती असण्याची शक्यता तपासावी.

दुसरी गोष्ट, मागितलेली किंमत म्हणजे मोल नव्हे. तेच मुद्रण, त्याच अवस्थेत, प्रत्यक्षात कितीला विकले गेले हेच पाहावे. विकले न गेलेले पुस्तक कितीही मोठ्या आकड्याखाली वर्षानुवर्षे पडून राहू शकते. आपणा सर्वांचा अनुभव जाणून घ्यायला आवडेल.

म्हापशाची वाचक :

आपण लिहिलेल्या खुणा अचूक आहेत, पण त्या ज्या बाजारासाठी आहेत तो आता एकमेव बाजार राहिलेला नाही, हे मला ठामपणे सांगायचे आहे. मी गेली तीन वर्षे नव्या फँटसी कादंबऱ्यांच्या विशेष आवृत्त्या घेते आणि विकते. रंगवलेल्या किंवा चित्रांकित कडा, लेखकाच्या सहीचे पान, फक्त त्या आवृत्तीसाठी काढलेले मुखपृष्ठ आणि ठरावीक प्रती, असे त्यांचे स्वरूप असते. फेअरीलूट, द ब्रोकन बाइंडिंग यांसारख्या ब्रिटिश विक्रेत्यांकडून त्या येतात. माझे गिऱ्हाईक पंचविशीच्या आसपासचे आहे. ते पुणे-बंगळूरहून मागणी करते, आणि १९५४ च्या पुस्तकापेक्षा आपण स्वतः रात्र जागून वाचलेल्या पुस्तकाची देखणी प्रत त्याला हवी असते.

येथे अंकांच्या ओळीइतकेच इतर तपशील महत्त्वाचे ठरतात. सही थेट पानावर आहे की वेगळ्या सही केलेल्या कागदाचे पान शिवणीत घातले आहे, की नुसतीच सहीची चिकटपट्टी लावली आहे, यावर भाव बदलतो. २०२३ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘फोर्थ विंग’ या कादंबरीच्या पहिल्या छपाईच्या कडा रंगवलेल्या होत्या आणि लगेचच्या छपायांत त्या साध्या झाल्या, ती पहिली प्रत हाती असलेल्यांना छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मिळाले. जुनेपणालाच मोल समजणे ही एका पिढीची सवय आहे. गोव्याच्या हवेत साठ वर्षे काढलेल्या खंडापेक्षा सीलबंद नवी प्रत सांभाळणे, पाठवणे आणि विकणे किती सोपे असते, याचाही विचार व्हावा.

पणजीचा निवृत्त ग्रंथपाल :

ताईंचा व्यवहार मला मान्य आहे, पण त्यामागील तर्क मान्य नाही. दुर्मिळता दोन प्रकारची असते. ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’ जून १९९७ मध्ये निघाले तेव्हा पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे ३०० ग्रंथालयांत गेल्या. मुलांनी त्या हाताळल्या, शिक्के बसले, पाने निखळली, आणि शेवटी बऱ्याचशा प्रती बाद झाल्या. ते संग्राह्य ठरेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, म्हणूनच चांगल्या प्रती विरळा आहेत. २०२१ मध्ये अशी एक प्रत अमेरिकेतील लिलावात ४,७१,००० डॉलरला गेली. टेरी प्रॅचेट यांच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’च्या १९८३ च्या ब्रिटिश पहिल्या मुद्रणाच्या ५०६ प्रती होत्या. याउलट पॉटरमालेतील शेवटच्या खंडाचे अमेरिकेतील पहिले मुद्रण १ कोटी २० लाख प्रतींचे होते. त्या प्रतींवर १ हा अंक कितीही स्पष्ट असला तरी त्यांना रद्दीच्या दुकानापेक्षा फार वरचा भाव येत नाही.

नव्या विशेष आवृत्त्यांची प्रत्येक प्रत पहिल्या दिवसापासून जपली जाते. काळाने ज्यातले काहीच गाळले नाही, त्याला मी दुर्मीळ म्हणणार नाही. आज भाव आहे, कारण आज ती मालिका सर्वांच्या तोंडी आहे.

मडगावकरांच्या लेखनात एक भर घालतो. छपाईतील चुका ही ओळखीची खूण असते, पण एकाच खुणेवर विसंबू नये. पॉटरच्या त्या पहिल्या मुद्रणात ५३ व्या पानावरील शालेय साहित्याच्या यादीत ‘१ वाँड’ (जादूची छडी) दोनदा आले आहे, हे आता मुलांनाही पाठ असते. पण त्याच वेळच्या पेपरबॅकमध्येही तीच चूक आहे. म्हणून अंकांची ओळ १ पर्यंत उतरते का, कॉपीराइटमध्ये लेखिकेचे नाव ‘जोअॅन रोलिंग’ असे आहे का, आणि बांधणी कोणती, हे सारे एकत्र जुळले पाहिजे. टॉल्किनच्याच सप्टेंबर १९३७ च्या ‘द हॉबिट’च्या १,५०० प्रतींच्या वेष्टणावर एका नावात जादा ‘ई’ छापला गेला होता आणि बहुतेक प्रतींवर तो प्रकाशकाने शाईने हाताने खोडला. तो खोडलेला ‘ई’ दिसणे हे भाग्याचे लक्षण आहे. आपल्याकडच्या एखाद्या नीटनेटक्या माणसाने ती ‘घाण’ खरवडून काढली, तर त्याने हजारो पौंड खरवडले असे समजावे.

फोंड्याचा वाचक :

नीटनेटकेपणाचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण या साऱ्या मोजमापालाच माझा आक्षेप आहे.

माझ्या वडिलांकडे ‘द हॉबिट’ची १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत होती, हीच ती आवृत्ती, जिच्यात कोड्यांच्या प्रकरणाचा मजकूर लेखकाने बदलला. ती मुंबईत घेतलेली होती. सत्तरच्या दशकातील एका पावसाळ्यात कपाटाच्या मागची भिंत पाझरली आणि पुस्तकाचा कणा सुटला. वडिलांनी ते बांधणाऱ्याकडे दिले. त्याने मूळ पुठ्ठे आणि वेष्टण टाकून दिले, तिन्ही बाजूंनी कागद यंत्रावर छाटला, तपकिरी रेक्झिन चढवले आणि कण्यावर सोनेरी अक्षरांत वडिलांचे नाव उठवले. मी लहान होतो; नवीन गोंदाचा वास आणि ती झळकणारी अक्षरे मला अजून आठवतात. गेल्या वर्षी त्याची छायाचित्रे एका परदेशी विक्रेत्याला पाठवली, तेव्हा ‘पुनर्बांधणी, कडा छाटलेल्या, संग्राह्य मोल नाही’ एवढेच उत्तर आले.

थंड आणि कोरड्या देशांत ठरवलेल्या दर्जाच्या पट्ट्या आपण जशाच्या तशा का स्वीकाराव्यात? कसर, वाळवी आणि चार महिन्यांचा ओलावा सोसून पुस्तक वाचवणाऱ्या माणसाने काही वाईट केलेले नाही. तांबूस डाग पडलेली प्रत ‘बरी’ आणि लंडनच्या कपाटातली न उघडलेली प्रत ‘उत्तम’, ही विभागणी वाचनाचा अपमान करते असे मला वाटते.

मडगावचा पुस्तकविक्रेता :

फोंडेकरांचे लिखाण वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकलो नाही. त्यांच्या वडिलांनी पुस्तक वाचवले यात शंका नाही. पण विकत घेणारा माणूस हजार मैलांवरून, पुस्तक हाती न घेता, केवळ आपल्या शब्दावर पैसे पाठवत असतो. दर्जाची पट्टी त्या शब्दाला काही अर्थ राहावा म्हणून आहे. मला ती अपमान वाटत नाही. सौम्य शब्दांत दडवलेली ओल पार्सल उघडताच वासाने कळते, आणि मग गोव्यातून आलेल्या प्रत्येक पुस्तकावर संशय बसतो.

म्हणून मी वर्णनात सर्व काही लिहितो. तांबूस डाग कोणत्या पानांपासून कोणत्या पानांपर्यंत आहेत, कसरीने वेष्टणाचा किती भाग खाल्ला आहे, कडेवर पाण्याची रेघ कोठवर चढली आहे, वास आहे की नाही. छायाचित्रे सकाळच्या उजेडात खिडकीशी काढतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महागडी पुस्तके बंद डब्यात सिलिका जेलसह ठेवतो आणि जेल दर पंधरवड्याला वाळवतो. पण उन्हात पुस्तक कधीच ठेवत नाही, कारण कण्याचा रंग उडाला की तो परत येत नाही. फाटलेल्या वेष्टणाला सेलोटेप लावणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कण्याला दुरुस्ती हवीच असेल तर मूळ पुठ्ठे आणि मूळ वेष्टण जपून परत देणाऱ्याकडेच काम द्यावे. या काळातील पुस्तकाच्या मोलाचा मोठा वाटा त्या वेष्टणातच असतो.

म्हापसेकर ताईंना एवढेच सांगेन की त्यांच्या आवृत्त्या मी खोट्या मानत नाही, पण दहा वर्षांनी त्या विकायच्या असतील तर त्यांनाही हेच चार महिने छळणार आहेत. रंगवलेल्या कडा ओलीने एकमेकींना चिकटतात हे मी स्वतः पाहिले आहे.

म्हापशाची वाचक :

चिकटतात, हे खरे आहे. मागच्या जुलैत माझ्या दोन प्रती त्याच कारणाने परत आल्या आणि पैसे मला भरून द्यावे लागले. तरी माझे मत बदललेले नाही. ग्रंथपाल सर म्हणतात तशी काळाने गाळणी करायची असेल, तर ती करायला आमच्या पुस्तकांना अजून वेळच मिळालेला नाही. १९३७ मध्येही ‘द हॉबिट’ हे एक नवेच पुस्तक होते आणि त्याच डिसेंबरात रंगीत चित्रांसह दुसरे मुद्रण निघाले, ते तेव्हाच्या गिऱ्हाइकाला आवडले म्हणूनच. पण मुख्य प्रश्नाचे उत्तर आपण दिलेले नाही. लोटलीच्या त्या तीन खंडांची किंमत शेवटी कशी लावली?

मडगावचा पुस्तकविक्रेता :

तिन्ही खंडांची मुद्रणे वेगवेगळी निघाली, त्यामुळे प्रत्येकाचा स्वतंत्र हिशोब केला. त्या त्या मुद्रणाच्या, वेष्टणासह झालेल्या आणि पूर्ण झालेल्या विक्री शोधल्या. दुसऱ्या खंडाच्या शेवटी असलेला घडीचा लाल-काळा नकाशा फाडून घेतलेला आहे, म्हणून त्याचे मोल निम्म्याहून खाली आणले. तिसऱ्याचे वेष्टण कण्यावर फिकट झाले आहे, पण नकाशा अखंड आहे आणि किंमतीचा कोपरा कापलेला नाही. जो आकडा आला तो मुलाच्या अपेक्षेच्या जवळपासही नव्हता. तो मी त्याला कागदावर लिहून, ज्या विक्रींच्या आधारे काढला त्या दाखवून दिला, आणि विक्रीतील माझा वाटा किती हेही त्याच कागदावर लिहिले.

पहिल्या खंडाच्या कोऱ्या पानावर त्याच्या आजोबांनी पेन्सिलीने आजीचे नाव, ‘नैरोबी’ आणि नाताळची तारीख लिहिलेली आहे. लेखकाखेरीज कोणाचेही हस्ताक्षर असले की भाव उतरतो, म्हणून तेवढे मी वजा धरले होते. ती वजाबाकी वाचून मुलाने तो खंड परत मागून घेतला. संच फुटला की उरलेल्या दोन्ही खंडांचे मोल आणखी घटते हे मी त्याला सांगितले आणि त्याने ते मान्य केले. ते दोन खंड आता सुटे म्हणून नोंदवले आहेत; पाहायचे असतील त्यांनी दुकानात सकाळी दहाच्या सुमारास यावे, तेव्हा खिडकीशी उजेड चांगला असतो.