बाबांच्या पायाची नस ब्लॉक, बायपास की फुगा? लगेच सांगा

निपाणीकर_७७: बाबांच्या पायाची नस ब्लॉक आहे. बेळगावात एक डॉक्टर म्हणतात बायपास, दुसरे म्हणतात तार घालून फुग्याने उघडू. परवापर्यंत सांगायचं आहे. कुणी केलंय काय?

खानापूरवाला: वय? शुगर? तंबाखू? कुठली नस, किती लांब ब्लॉक? सीटी अँजिओ (नसांचा स्कॅन) झाली काय?

टिळकवाडी_ताई: माझ्या सासूबाईंच्या निळ्या फुगलेल्या नसा लेझरने केल्या. त्याच दिवशी घरी. लेझरच करा.

खानापूरवाला: ताई, ते व्हेरिकोज, अशुद्ध रक्ताच्या शिरा. इथं पायाकडं जाणारी धमनी बंद आहे. लेझरचा इथं काय संबंध?

निपाणीकर_७७: वय ६८, शुगर आहे. जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, अजून खातात. मांडीतली नस. अंगठा काळा पडलाय, रात्री पाय खाली सोडून बसतात.

चिकोडी_अण्णा: गरम पाण्याचा शेक द्या, लसूण खायला घाला.

खानापूरवाला: अण्णा, शेक अजिबात नको! शुगरवाल्याला चटका कळत नाही, पाय भाजतो. निपाणीकर, काळा अंगठा आणि रात्रीचं दुखणं म्हणजे परवाची वाट बघू नका, आजच दाखवा.

सीमावासी: महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे. कोल्हापूरला न्या.

चिकोडी_अण्णा: इथलं आयुष्मान कार्ड असताना तिकडं कशाला? कागदातच वेळ जातो.

सीमावासी: हक्काचं आहे ते, का सोडायचं?

गोकाक_फार्मसी: तो वाद दुसरीकडं घाला. १९६४ साली अमेरिकेत डॉटर नावाच्या डॉक्टरांनी पायाची नस तारेवरून नळी सरकवून पहिल्यांदा उघडली, ती ८२ वर्षांच्या बाईंची. बोटं काळी पडलेली, पाय कापायला त्या तयार नव्हत्या. फुगा नंतर आला. म्हणजे म्हातारं माणूस म्हणून घाबरू नका. ब्लॉक आखूड असला तर बहुधा फुगा, लागला तर स्टेंट (जाळी). लांब असला आणि बायपासला जोडायला स्वतःची शीर चांगली असली तर बायपास जास्त टिकतो. फुग्यानंतर नस परत अरुंद होऊ शकते, तेव्हा तंबाखू सुटलीच पाहिजे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती?

निपाणीकर_७७: १.९ लिहिलंय. मग फुगा होत नाही काय?

गोकाक_फार्मसी: होतो, पण डाय (नस दिसावी म्हणून सोडतात ते औषध) किडनीला जड जातो. तो कमी वापरावा लागतो, डॉक्टरांना आधीच सांगा. शुगरची कुठली गोळी चालू आहे? मेटफॉर्मिन?