काल्पनिक भटकी रानजमात : घाटमाथ्याच्या जंगलात वर्षभर जगवायची कशी?

सडा_आणि_झरा (सातारा) विचारतात:

कादंबरीसाठी एक काल्पनिक जमात उभी करतोय. नाव ठेवलंय 'झरेकर'. पंचवीसेक माणसं, शेती नाही, गुरं नाहीत, कायमचं गाव नाही. काळ १४व्या शतकाचा. मुलूख महाबळेश्वरपासून कोयनेच्या खोऱ्यातून चांदोलीपर्यंतचा. ही माणसं रानाशी सलोख्यानं राहतात असं दाखवायचंय, पण सलोखा म्हणजे रोजच्या वागण्यात नेमकं काय, तिथे लिखाण अडतंय. पावसाळ्यात ती राहतील कुठे? खातील काय? आणि रान संपू नये म्हणून काय पाळतील?

घाटवाट_पाटण:

आधी पावसाळा सोडवा, बाकीचं त्यावरून ठरेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे तुमच्या लोकांनी मृगाच्या आधी डोंगराच्या सोंडेवरून दोन दिवस पूर्वेकडे चालत गेलं तरी पाऊस अर्ध्यावर येतो. लेकुरवाळ्या बायका आणि म्हातारी माणसं बरोबर असताना दिवसाला आठ-दहा किलोमीटरपेक्षा जास्त चालवू नका.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर, मुक्काम दाखवू नका. खाली जांभा, वर बोटभर माती, मेख ठोकायला जागा नाही आणि वाऱ्याला आडोसा नाही. कपार हवी, तीही पूर्वेला तोंड असलेली, कारण पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. छताला शेवाळ असेल ती कपार सोडायची, तिथे आषाढात पाणी झिरपतं. जुन्या चुलीची काजळी अजून छताला धरलेली दिसली तर ती कोरडी समजायची. तोंडाशी कारवीच्या (घाटातलं एक झुडूप) काठ्यांचा कूड उभा करायचा. गुरं नाहीत म्हणजे शेण नाही, तेव्हा लिंपण नुसत्या मातीचं, चिरलेलं गवत कालवून. गवत कमी पडलं की वाळताना भेगा जातात.

कारवीत तुम्हाला सलोख्याचा एक नियम आयताच सापडेल. ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी पडलं की वाळून जाते. कुडाला ही वाळलेली काठीच घ्यायची, हिरवी तोडायची नाही. हिरवी तोडली तर त्या उतारावर बी पडत नाही, पुढची कारवी विरळ येते आणि पावसात माती वाहून जाते.

कंदमूळ (शिराळा):

खाण्याचं सांगतो. त्यांचा मुख्य आधार कंद. कार्तिकात वेलाची पानं पिवळी पडली की खणायला सुरुवात, ती चैत्रापर्यंत. पावसाच्या तोंडावर नवा कोंब फुटतो आणि कंद आतून पोकळ होत जातो, त्या दिवसांत खणणं म्हणजे मेहनत वाया. उन्हाळ्यात वाळलेला वेल वाऱ्यानं उडून जातो, म्हणून तो हिरवा असतानाच शेजारच्या झुडपाला गाठ मारून ठेवायची. कंद काढला की वेलाकडचं डोकं, चार बोटं तरी, त्याच खड्ड्यात परत ठेवून माती लोटायची. पुढच्या पावसात ते फुटतं. ही सवय तुमच्या पात्रांच्या हातात इतकी मुरलेली दाखवा की लहान पोरसुद्धा न सांगता तसंच करेल.

कडू करांदा तसाच खाल्ला तर उलट्या होतात. पातळ चकत्या करायच्या, चुलीतली राख घालून उकळायच्या, पाणी ओतून द्यायचं, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. सकाळी एक तुकडा जिभेवर धरून बघायचा. कडू लागला तर पुन्हा राख, पुन्हा उकळ. इथे हमखास दोन चुका होतात : चकत्या जाड राहतात, नाहीतर टोपली साचलेल्या पाण्यात ठेवली जाते.

उकळायला मडकं लागतं आणि भटक्या माणसाला मडकं वाहणं परवडत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या कपारीत दोन मडकी उपडी घालून ठेवलेली असू द्या. दुसऱ्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, हा कायदा. कथेतलं भांडणही त्यातून निघेल.

चैत्र-वैशाखात करवंदं, आंबे, फणस, मग जांभळं. आग्या मोहोळही याच दिवसांत उतरवायचं, अंधाऱ्या रात्री, धूर करून. मध वरच्या बाजूला, फांदीलगतच्या गड्ड्यात असतो आणि खाली अळ्यांचा भाग. गड्डा कापायचा, अळ्या सोडायच्या. कप्प्यांची तोंडं मेणानं बंद झालेली नसतील तर मध पातळ असतो, आठवड्यात आंबतो. पावसाआधी आग्या माशीसुद्धा घाटमाथा सोडून देशाकडे उतरते. तुमची माणसं तिच्यामागोमाग निघाली तर मुक्काम हलवण्याचा दिवस ठरवायला वेगळं पंचांग नको.

पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी येते, ती काकड या आंबट रानफळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो. पुढे भारंगी, कुर्डू या पालेभाज्या आणि खेकडे. चढणीचे मासे मात्र जपून. ते अंडी घालायलाच वर चढतात. ओढ्याची एक बाजू मोकळी ठेवून दुसरीकडेच टोपली लावायची. गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकली की मासे भराभर वर येतात, पण पिल्लंही मरतात. ते पावसात वर्ज्य ठेवा.

सडा_आणि_झरा:

मडक्यांची कल्पना घेतोच. मीठ आणि लोखंड कुठून आणू? आणि पावसात विस्तव?

वारणाकाठ (सांगली):

मीठ कोकणातून घाट चढून येऊ द्या. बदल्यात हिरडा, शिकेकाई, मध, मेण. पूर्ण एकटी, कुणाशी देणंघेणं नसलेली जमात लिहू नका, कोयता आणि पहारीचं टोक त्यांना गावच्या लोहाराकडूनच घ्यावं लागेल. नाचणीही अशीच येईल.

विस्तव विझू न देणं हेच मोठं काम. ऐनाचा ओंडका चुलीत एका टोकानं धुमसत ठेवायचा, रात्री राखेनं झाकायचा. वाटचालीत निखारे राखेत पुरून एका लहानशा गाडग्यात, तेवढं एकच वाहायचं. विझलाच तर गारगोटी आणि पोलाद, ठिणगी झेलायला सावरीचा कापूस. तो चुलीवरच्या आढ्याला टांगलेला हवा, कंबरेच्या पिशवीत ठेवला तर घामानं दमट होतो. दोर मुरुडशेंगेच्या सालीचा.

१४व्या शतकात मिरची, मका, बटाटा, काजू, पपई यातलं काहीही नाही, हे सगळं पोर्तुगीजांनंतर आलं. घायपाताचा दोर नाही, घाणेरीचं कुंपण नाही, रानमोडी नाही. तिखट म्हणून मिरी घाला. शिवसागर जलाशय तर १९६०च्या दशकातल्या कोयना धरणाचा, तेव्हा खोऱ्याच्या तळातून कोयना नुसती नदी म्हणून वाहत होती आणि चालायची सपाट वाट तिच्या काठानं.

नाव बदला. झरेकर हे आजही आडनाव आहे. आणि या डोंगरांवर गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखत आलेत, त्यांचे देव आणि रीती उचलून काल्पनिक लोकांच्या गळ्यात घालू नका. शेजारी म्हणून त्यांना कथेत आणा, उन्हाळ्यात पाणवठा दोघांचा एकच असतो, तिथे आधी कुणी पाणी भरायचं हे ठरवा.